झुडपावरचं ऊन

डिसेंबर-जानेवारीत उटीच्या आसपासच्या खोलगट जागांत पहाटेचं गवत पांढरं दिसतं. रात्री पडलेलं दव पात्यांवरच गोठलेलं असतं. चहाच्या मळेवाल्यांना या दिवसांची धास्ती असते, कारण एका रात्रीत कोवळी पानं करपून जातात. सरडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मात्र वैशाखातल्या तापलेल्या बांधावरचा, मान खालीवर करत बसलेला. गोठलेल्या दवाशी त्याचा संबंध जोडणं जड जातं. तरीही निलगिरीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण १८०० मीटरच्या वर, एक सरडा पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि खाली उतरत नाही. सालिया हॉर्सफील्डी हे त्याचं शास्त्रीय नाव. आपण त्याला निलगिरीचा काटेरी सरडा म्हणू. निलगिरी आणि पलनी हे दोन डोंगर सोडले, तर जगाच्या पाठीवर तो दुसरीकडे कुठेही नाही.

धुकं फाटून ऊन आलं की तो झुडपाच्या शेंड्याकडच्या फांदीवर येऊन बसतो. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेमतेम नऊ-साडेनऊ सेंटिमीटर. शेपटी त्याच्या दुपटीहून लांब आणि मागच्या दोन-तीन फांद्यांवरून खाली सोडलेली. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यागत उभट. रंग हिरवा, त्यावर तपकिरी-काळपट पट्टे, कुठे जाड तर कुठे तुटलेले. डोळ्याखालून एक फिकट पांढुरका पट्टा निघतो आणि खांद्याकडे जातो. जवळून पाहिलं तर अंगावरचे खवले मोठे, एकमेकांवर चढलेले दिसतात. ते एका मापाचे नसतात, आणि त्यांच्या मधोमध उठलेल्या कंगोऱ्यामुळे सगळं अंगच खरखरीत वाटतं. नराच्या मानेवर भाल्याच्या पात्यासारख्या चपट्या काट्यांची रांग असते आणि तशीच पाठीच्या कण्यावरूनही जाते. मादीच्या अंगावर या रांगा ठेंगण्या. पापण्या जाड आणि खवल्यांनी मढलेल्या. त्यांच्या मधल्या छोट्या गोल फटीतून डोळा वेगवेगळ्या दिशांना फिरत राहतो. बाकी शरीर ढिम्म. आपल्या नेहमीच्या सरड्याची चपळाई याच्यात नाही. फार जवळ गेलं तर तो फांदीच्या पलीकडे सरकतो किंवा अंग सोडून झुडपाच्या आत उतरतो.

जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं १८४५ साली या सरड्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नाव दिलं ते थॉमस हॉर्सफील्डचं. हा अमेरिकेत जन्मलेला डॉक्टर. जावा बेटावर अनेक वर्षं वनस्पती आणि प्राणी गोळा करत राहिला आणि पुढे लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयाची व्यवस्था पाहू लागला. त्या काळी हिंदुस्थानातून गेलेले नमुने अशा संग्रहालयांतल्या काचेच्या बरण्यांत पोहोचत आणि तिथेच त्यांची नावं ठरत. बरणीतल्या प्राण्याचे खवले मोजता येतात. तो थंडीत जगतो कसा, हे मात्र डोंगरावरच पाहावं लागतं.

सरड्याच्या अंगात आपल्यासारखी भट्टी नसते. अन्न जाळून शरीर सतत गरम ठेवणं त्याला जमत नाही. त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. उंचीवर दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, त्यामुळे २२४० मीटरवरच्या उटीत हवेतून मिळणारी ऊब फारच थोडी. पण उंचीवरची हवा विरळ आणि स्वच्छ असते, आणि त्यामुळे ऊन जास्त प्रखर पोहोचतं. सावलीत काकडायला होतं आणि उन्हात कातडी भाजते, हा अनुभव तिथे जाऊन आलेल्या प्रत्येकाला आहे. या सरड्याचा सगळा संसार त्या फरकावर चालतो. त्याचं उभट अंग इथे कामी येतं. कुशी सूर्याकडे आडवी धरली की उन्हाला जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळतो. तोंड सूर्याकडे केलं की तोच पृष्ठभाग एकदम कमी होतो. शरीर लहान असल्यानं तापायला वेळ लागत नाही, आणि अर्थात निवायलाही लागत नाही. एखादा ढग आला की कमाई थांबते.

किती वेळ उन्हात बसायचं याचा हिशेब ठेवायला त्याच्या कुळातल्या सरड्यांकडे एक जादा अवयव असतो. डोक्याच्या माथ्यावर, मधल्या एका खवल्याखाली, प्रकाश जाणवणारा छोटासा ठिपका असतो. त्याला तिसरा डोळा म्हणतात. त्याला आकृती दिसत नाहीत, फक्त उजेडाचं कमी-जास्त कळतं. पण दिवसाची लांबी आणि उन्हाचं प्रमाण मेंदूपर्यंत पोहोचवण्यात त्याचा वाटा आहे. मला हा अवयव सरड्यांच्या साऱ्या शरीररचनेतला सर्वांत विलक्षण वाटतो.

आता झुडपाकडे येऊ, कारण या सरड्याला खडक किंवा उंच झाड यांच्यापेक्षा झुडूपच लागतं. निलगिरीच्या माथ्यावर दोन मुख्य वनस्पतीसृष्टी आहेत. घड्यांमध्ये आणि ओहोळांच्या कडेनं ठेंगण्या, दाट, शेवाळानं लडबडलेल्या सदाहरित झाडांची रानं असतात. त्यांना शोला म्हणतात. उघड्या उतारांवर गवत. या दोहोंच्या शिवेवर आणि गवतातही जागोजागी झुडपं उभी असतात: पिवळ्या फुलांचं हायपेरिकम, काटेरी बर्बेरिस, रानरासबेरीच्या जाळ्या, गॉल्थेरिया, लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन, आणि नीलकुरिंजी. नीलकुरिंजी बारा वर्षांनी एकदाच फुलते आणि अख्खे उतार जांभळे करून मरते. २००६ मध्ये फुलली, मग २०१८ मध्ये. सह्याद्रीत सात वर्षांनी फुलणारी आपली कारवी ही तिची सख्खी नातेवाईक. शोलाच्या आत ऊन पोहोचत नाही, आणि नुसत्या गवतात लपायला जागा नाही. झुडपाचा शेंडा उन्हात असतो आणि पोट अंधारात. एका वीतभर हालचालीत सरड्याला ऊब, सावली, किडे आणि आसरा या चारही गोष्टी मिळतात. आभाळात ससाण्यासारखे शिकारी पक्षी असतात, शेजारच्या काट्यावर खाटीक बसलेला असतो आणि हा पक्षी सरडे काट्याला टोचून ठेवण्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी वीतभराचं अंतर फार मोलाचं.

थंड प्रदेशातल्या सरड्यांपुढे अंगाच्या उबेपेक्षाही मोठा प्रश्न असतो तो अंड्यांचा. प्रौढ सरडा ऊन शोधत हिंडू शकतो. मातीत पुरलेलं अंडं हलू शकत नाही. माती गार असेल तर आतल्या गर्भाची वाढ रेंगाळते, आणि फारच गार असेल तर थांबते. म्हणून जगभरच्या अनेक डोंगरी सरड्यांनी अंडी घालणंच सोडून दिलं. लडाखच्या पठारावरचा फ्रायनोसेफॅलस थिओबाल्डी हा बुटका सरडा जिवंत पिल्लांना जन्म देतो. मादी गर्भ पोटात घेऊन उन्हात बसते, म्हणजे तिचं शरीरच उबवणीची जागा होतं. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या माथ्यावरच्या लायोलेमस सरड्यांनीही हाच मार्ग धरला. ऑलिव्हर पिअर्सन यांनी १९५४ साली दक्षिण पेरूतल्या या सरड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवा गोठणबिंदूच्या जवळ असताना उन्हात बसलेल्या सरड्याचं अंग ३० अंशांच्या आसपास तापलेलं असतं, हे त्यांनी मोजून दाखवलं.

निलगिरीचा सरडा मात्र अंडीच घालतो. लडाखमध्ये महिनेच्या महिने जमीन गोठलेली असते. निलगिरी विषुववृत्तापासून अवघ्या साडेअकरा अंशांवर आहे. इथे थंडी येते ती रात्रीपुरती. पहाटे दव गोठलं तरी दुपारी पारा वीस अंशांच्या आगेमागे जातो आणि उघड्यावरची माती चांगली कोमट होते. वर्षातल्या एका लांब हिवाळ्याऐवजी रोजच्या रोज एक छोटा हिवाळा आणि एक छोटा उन्हाळा. अंडं त्यात निभावून जातं, अट एवढीच की जागा उन्हाची हवी. या डोंगराला खरा त्रास पावसाचा. पश्चिमेकडच्या अवलांचीला २०१९ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात ८०० मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला होता. नैर्ऋत्य मोसमी पावसात त्या बाजूला दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, आणि ऊन नाही म्हणजे सरड्याला हालचाल नाही.

हा सरडा खाली का उतरत नाही? पायथ्याशी ऊन भरपूर आहे, किडे जास्त आहेत, चालत जायलाही अडथळा नाही. याचं एक उत्तर डॅनियल जॅन्झेन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६७ साली मांडलं. समशीतोष्ण प्रदेशातल्या प्राण्याला वर्षभरात कडाक्याची थंडी आणि भरपूर उन्हाळा दोन्ही सोसावे लागतात. त्यामुळे डोंगर चढताना-उतरताना भेटणारं तापमान त्याच्या ओळखीचं असतं. उष्ण कटिबंधात तसं नसतं. तिथे दरीत बारा महिने दरीचं हवामान आणि माथ्यावर बारा महिने माथ्याचं. माथ्यावरच्या प्राण्याच्या शरीराला दरीतली गरमी कधीच भेटलेली नसते. म्हणून तीच हजार मीटरची खिंड हिमालयातल्यापेक्षा दक्षिणेतल्या डोंगरात प्राण्यांना ओलांडायला कठीण जाते. निलगिरीच्या माथ्याला जीवशास्त्रज्ञ आकाशातलं बेट म्हणतात ते याच अर्थानं. भोवताली पाणी नाही, पण गरम हवा आहे, आणि पोहून जाण्याची सोय नाही.

इथे एक गोष्ट मनात घोळत राहते. निलगिरीच्या दक्षिणेला पालघाटची खिंड आहे, तीसेक किलोमीटर रुंद, आणि तिचा तळ बहुतेक ठिकाणी ३०० मीटरच्याही खाली. खिंडीच्या पलीकडे अन्नमलई आणि पलनी. आपला सरडा निलगिरीवर आहे आणि पलीकडच्या पलनीवरही आहे. त्याचा एकुलता एक भाऊबंद, सालिया अनामलयाना, हा खिंडीच्या दक्षिणेलाच राहतो. मद्रास इलाख्यात वनाधिकारी असलेल्या रिचर्ड बेडोमनं १८७८ मध्ये त्याचं वर्णन केलं. सापांपासून नेच्यांपर्यंत सगळ्यांत जीव रमलेला माणूस. मग निलगिरीचा सरडा खिंड ओलांडून गेला कधी? सहज सुचणारं उत्तर म्हणजे हिमयुग. तेव्हा हवा थंड होती, थंडीतली झुडपं खाली सरकली असतील आणि त्यांच्याबरोबर सरडेही. पण हिशेब मांडून पाहावा. हवा पाच अंशांनी थंड झाली, तर २००० मीटरवरचं हवामान सातशे-आठशे मीटर खाली येईल, म्हणजे १२०० मीटरपर्यंत. खिंडीचा तळ त्याच्याही खाली जवळजवळ किलोमीटरभर राहतो. हिमयुगाची थंडीसुद्धा या सरड्याला पूल बांधून द्यायला पुरेशी नव्हती.

याच डोंगरांवरच्या पक्ष्यांनी या बाबतीत मोठा धडा दिला आहे. शोलातल्या अंधारात राहणारा एक छोटा निळसर पक्षी खिंडीच्या दोन्ही बाजूंना आहे. जनुकं तपासली तेव्हा दोन बाजूंचे पक्षी फार जुन्या काळी वेगळे झाल्याचं दिसलं, आणि त्यांचं कुळही दुसऱ्या कुणाशी जुळत नव्हतं. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी शोलिकोला हा नवा गट करावा लागला. निलगिरीकडची एक जात, दक्षिणेकडची दुसरी. पक्ष्याला पंख असून जी खिंड अडवते, ती सरड्याला किती अडवत असेल याचा विचार केला, तर निलगिरीचा आणि पलनीचा सरडा एकच आहे असं धरून एका डोंगरावरच्या हानीची भरपाई दुसऱ्या डोंगरावर होईल असं समजू नये. मला वाटतं, दोन्ही ठिकाणचे सरडे आपापल्या जागी शेवटचेच आहेत असं मानून वागणं बरं.

आणि हानी झाली आहे, तीही मोठी. इंग्रजांना निलगिरीची गवताळ कुरणं पडीक वाटली. इथे कधीकाळी जंगल असणार, माणसांनी आणि गुरांनी ते संपवलं असणार, असा समज रूढ झाला. १८४० च्या दशकात युकॅलिप्टस आला. त्यालाच आपण आज निलगिरीचं झाड म्हणतो, पण ते मूळचं ऑस्ट्रेलियाचं. मग कातडी कमावण्याच्या सालीसाठी वॉटलची झाडं आली. स्वातंत्र्यानंतर लागवडीचा वेग वाढला, कारण साल आणि लगदा दोन्हींना कारखान्यांकडून मागणी होती. गवत मात्र अस्सल जुनं आहे. उटीजवळच्या सँडीनल्ला इथल्या दलदलीत हजारो वर्षं साचत गेलेल्या कुजक्या वनस्पतींचे थर आहेत. रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या कार्बनच्या प्रकारांवरून तिथे केव्हा काय उगवत होतं ते शोधलं आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध केलं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीही या माथ्यावर गवत होतं. कुऱ्हाड आणि शेती यायच्या कितीतरी आधी.

पलनीची अवस्था आणखी वाईट. १९७३ ते २०१४ या काळातली उपग्रहचित्रं ताडून पाहिली तेव्हा तिथलं डोंगरमाथ्यावरचं गवत दोन तृतीयांशांनी घटल्याचं निघालं. जागा घेतली ती लागवडीच्या झाडांनी आणि शेतीनं. वॉटलच्या दाट रानात जमिनीपर्यंत ऊन येत नाही, झुडूप तगत नाही. वरून हिरवंगार दिसतं, आणि म्हणूनच कुणाला काही गेल्यासारखं वाटत नाही.

पडीक हा शेरा महाराष्ट्रातल्या डोंगरमाथ्यांनाही भोवला आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर एक देखणा सरडा राहतो. नर गळ्याखालची निळी-काळी-केशरी पिशवी उघडून मिरवतो. २०१६ साली या सरड्यांचा नवा गट ठरला तेव्हा त्याला मराठीतूनच ‘सरडा’ हे नाव मिळालं, आणि चाळकेवाडीच्या जातीला सरडा सुपर्बा. त्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी झाले, आणि त्यामुळे तिथले सरडे वाढले, निर्धास्त झाले, त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरकही घटलं. रिकाम्या समजल्या गेलेल्या माळावर इतकी घट्ट वीण होती, हे तपासल्यावरच कळलं.

निलगिरीच्या सरड्याला लागवडीइतकाच दुसरा धोका आहे, आणि तो हळू येणारा आहे. हवा एका अंशानं तापली की डोंगरावरचं प्रत्येक हवामान साधारण दीडशे मीटर वर सरकतं. उटीपासून दोड्डबेट्टाच्या टोकापर्यंत, म्हणजे २६३७ मीटरपर्यंत, उरते ती अवघी चारशे मीटरची चढण. अडीच अंश झाले की संपली. शिवाय डोंगर वर निमुळता होत जातो, त्यामुळे प्रत्येक पायरीला जागा कमी. मेक्सिकोत हे घडून गेलं आहे. बॅरी सिनर्व्हो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की १९७५ नंतर तिथल्या काटेरी सरड्यांच्या स्थानिक वस्त्यांपैकी १२ टक्के नाहीशा झाल्या. ऊन थेट मारत नाही. दुपार फार तापली की सरडा सावलीत दडून बसतो, खायला बाहेर पडण्याचे तास घटतात, आणि विणीच्या दिवसांत मादीचं पोट भरत नाही.

या सगळ्यात दिलासा देणारी एक गोष्ट आहे. हा सरडा अट्टल जंगली नाही. उटी-कुन्नूरच्या बंगल्यांची कुंपणं, बागांच्या कडेची झुडपं, चहाच्या मळ्याच्या बांधावरची जाळी, इथेही तो दिसतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण आपण तोकड्या झेपेच्या माणसाला लावतो; या सरड्याला मात्र कुंपण जिवंत असेल तर तेवढी धाव पुरते. कुंपण पाडून सिमेंटची भिंत उभारली की ती जागा त्याच्यासाठी संपली. उटीला जाणाऱ्यांनी धुकं उठल्यावर, साधारण नऊ-दहाच्या सुमाराला, खांद्याच्या उंचीच्या झुडपांच्या उन्हाकडच्या बाजू निरखाव्यात. हालचाल शोधू नये, शेपटी शोधावी.

याच्यातूनच एक अवघड प्रश्नही निघतो. युरोपातून कुंपणासाठी आणि शोभेसाठी आणलेलं गॉर्स नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप निलगिरीच्या कुरणांत मोकाट पसरलं आहे. पानांच्या जागी नुसते काटे, आणि बी मातीत वर्षानुवर्षं टिकणारं. गवताच्या जिवावर उठलेलं हे झुडूप काढायलाच हवं. पण या काट्यांच्या जाळीत काटेरी सरडे राहतात. देशी झुडपं गेली तिथे त्यांनी याच परक्याचा आसरा घेतला. यंत्र लावून एका हंगामात अख्खा उतार साफ केला, तर गवताला जागा मिळेल आणि सरड्याची जाईल. म्हणून गॉर्स पट्ट्यापट्ट्यानं निघालं पाहिजे. एक पट्टा काढायचा, तिथे हायपेरिकम, बर्बेरिस, कुरिंजी लावायची, उगवणारं गॉर्सचं रोप दर वर्षी उपटत राहायचं, आणि देशी झुडूप कमरेएवढं झाल्यावरच शेजारच्या पट्ट्याला हात लावायचा.